मातीतल्या ओलीचं गणित: भांडायचंच असेल तर आकड्यावर भांडा

बारामतीच्या उसातल्या एआयच्या बातम्या यायला लागल्या तेव्हापासून पुण्यात शेती-पाण्यातली चार माणसं कुठेही जमली की एकच भांडण सुरू होतं. एका बाजूला आयटीतून शेतीकडे वळलेली मंडळी, त्यांचं म्हणणं आता सेन्सर आले, सॅटेलाइट आले, शेतकऱ्याने मोबाइल बघायचा आणि मोटर चालू-बंद करायची, बास. दुसऱ्या बाजूला जमिनीशी नातं सांगणारे (राहतात कोथरूडला, पण ते असो), त्यांचं म्हणणं मातीचं कधी गणित होतं का, आमच्या आज्याला ढेकूळ फोडलं की कळायचं पाणी द्यायचं की नाही, हे सगळे कागदी घोडे आहेत. मला दोघांचाही वैताग येतो, कारण दोघंही असं धरून चाललेत की मॉडेल, म्हणजे मोजके आकडे घालून मातीतल्या पाण्याचा अंदाज काढायचं गणित, ही वस्तू आत्ता नव्याने दारात आलीये आणि ती घरात घ्यायची की नाही हे ठरवायला आपण मोकळे आहोत. आपण मोकळे नाही आहोत. माती किती पाणी धरते याचं गणित आपल्याकडे कधीचं चालू आहे, दुष्काळ जाहीर करताना चालू आहे, पाझर तलावात किती पाणी येईल हे मांडताना चालू आहे, आणि पुणे जिल्ह्यात तर शेतसारा ठरवताना दोनशे वर्षांपूर्वीही चालू होतं. तेव्हा मॉडेल हवं की नको हा प्रश्नच बाद. खरा प्रश्न एवढाच की त्यातले आकडे कुणी, कुठल्या मातीत मोजले आणि ते ज्याच्यावर लागू होतात त्याला बघायला मिळतात का. माझ्या मते यावर कुणीच भांडत नाहीये.

आधी हे गणित नेमकं कशाचं आहे ते सांगतो, कारण निम्मं भांडण ते माहीत नसल्यामुळे होतं. मातीच्या कणांमध्ये लहान-मोठी भोकं असतात, पाऊस थांबला की मोठ्या भोकांमधलं पाणी आपोआप खाली जातं आणि बारीक भोकांमधलं अडकून राहतं, जेवढं भोक बारीक तेवढं ते पाणी मुळाला ओढायला जड. म्हणजे जमिनीत पाणी किती आहे हा अर्धाच प्रश्न झाला, ते किती घट्ट धरून ठेवलंय हा उरलेला अर्धा. ही गोष्ट १९०७ मध्ये एडगर बकिंगहॅम या अमेरिकन माणसाने नीट मांडली. १९३१ मध्ये लोरेन्झो रिचर्ड्सने ओलं-सुकं असताना मातीतून पाणी कसं सरकतं याचं समीकरण दिलं आणि १९८० मध्ये व्हॅन गेनुख्टेनने 'ओढ वाढत गेली की ओल कशी कमी होत जाते' हा सगळा वक्र चार आकड्यांत बसवला. आज जगभरातली जवळपास सगळी मॉडेलं फिरूनफिरून याच तिघांच्या आसपास येतात. रोजच्या वापरात मात्र या वक्रावरचे दोनच बिंदू घेतात: पाणी निथळून गेल्यावर जमीन जेवढं धरते ते, म्हणजे साधारण ३३ किलोपास्कल (माती पाणी किती घट्ट धरते त्याचं माप) ओढीला उरलेली ओल, आणि पीक कायमचं कोमेजतं तो बिंदू, १५०० किलोपास्कल. या दोनच्या मधलं जे काही ते पिकाचं, बाकीचं असून नसल्यासारखं. आणि इथेच काळ्या जमिनीची गंमत आहे, तिच्यात पाणी भरपूर असतं पण त्यातलं निम्म्याहून जास्त ती पिकाला देतच नाही. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, १९९८ च्या तक्त्यात चिकण मातीचा (आपलं काळं रान यातच येतं) कोमेजण्याचा बिंदू २० ते २४ टक्के दिलाय आणि निथळल्यानंतरची ओल ३२ ते ४०. वाळूचे तेच आकडे २ ते ७ आणि ७ ते १७. म्हणजे २० टक्के ओलीला वाळूतलं पीक मजेत असतं आणि काळ्या रानातलं मरायला टेकलेलं असतं. 'जमिनीत ओल आहे' या वाक्याला, कुठली जमीन हे सांगितल्याशिवाय, काहीच अर्थ नाही.

आता जरा वही-पेन घ्या. २०१६ पासून देशात दुष्काळ जाहीर करायची पद्धत बदलली, नवी संहिता आली, त्यात पावसासोबत पेरणी, उपग्रहावरून दिसणारी पिकाची हिरवळ, भूजल-धरणसाठा आणि मातीतली ओल असे निर्देशांक आले. ओलीचा निर्देशांक काढायची रीत साधी आहे, आत्ताच्या ओलीतून कोमेजण्याचा बिंदू वजा करायचा, त्याला पिकाला मिळू शकणाऱ्या एकूण पाण्याने भागायचं आणि टक्के काढायचे, ५० च्या वर आलं तर फार तर सौम्य, ५० किंवा त्याखाली मध्यम आणि २५ च्या आसपास किंवा खाली गेलं तर तीव्र. समजा बारामतीजवळच्या सुप्याकडच्या एका काळ्या रानात ओल २९ टक्के भरली. एकाने वरच्या तक्त्यातून ३६ आणि २० हे आकडे घेतले, त्याचं उत्तर आलं ५६ टक्के, सौम्य. दुसऱ्याने त्याच तक्त्यातून, त्याच चिकण मातीच्या ओळीतून, ४० आणि २४ घेतले, त्याचं उत्तर ३१ टक्के, मध्यम दुष्काळ. रान तेच, ओल तीच, दोघांनी नियमाबाहेर काहीही केलेलं नाही. कोमेजण्याच्या बिंदूतला हा ४ टक्क्यांचा फरक दोन फूट खोलीच्या मुळांच्या थरात एकरी जवळपास एक लाख लिटर पाण्याचा होतो, दहा हजार लिटरचे दहा टँकर. २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, २०२३ मध्ये ४० तालुक्यांत, त्यात आपले पुरंदर-बारामतीही होते. दोन्ही वेळेला पेपरात कुठला तालुका आत आणि कुठला बाहेर यावर मरणाची भांडणं झाली, कुणी कुणाला झुकतं माप दिलं यावर झाली. कोमेजण्याचा बिंदू कुठला धरला हे विचारलेलं मी तरी कुठे वाचलं नाही. मग 'मातीचं गणित होत नाही' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा, की ते होत नसेल तर तुमच्या तालुक्याचा निकाल कशावर लागला?

बंधाऱ्यांचं घ्या. गावाच्या वर किती पाऊस पडला म्हणजे ओढ्याला किती पाणी येईल हे काढायला आपल्याकडे अजूनही स्ट्रेंजचे तक्ते वापरतात. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज हा मुंबई इलाख्यातला इंजिनिअर, तक्ते १८९२ च्या सुमाराचे. त्यात पाणलोटाचे चांगला, मध्यम, वाईट असे तीन प्रकार आणि रोजच्या पावसासाठी जमीन कोरडी, दमट की ओली असे तीन रकाने. म्हणजे जमिनीने आधीच किती पाणी पोटात घेतलंय यावर आजच्या पावसातलं किती वाहून जाईल ते ठरतं, हे त्या माणसाने रिचर्ड्सच्या चाळीस वर्षं आधी, कुठलंही समीकरण न लिहिता, तक्त्यात घातलेलं आहे. हे मॉडेल नाही तर काय आहे? कोरडी म्हणजे किती कोरडी, हे कुणी ठरवायचं? जे लोक भाषणात मॉडेलची खिल्ली उडवतात ते स्वतःच्या गावच्या बंधाऱ्याचं अंदाजपत्रक मंजूर करून घेताना याच तक्त्यावर सही करून आलेले असतात. फरक एवढाच की ते मॉडेल जुनं आहे, कागदावर आहे आणि इंजिनिअरच्या टेबलावर आहे, म्हणून ते मॉडेल वाटत नाही.

पण सगळ्यात मजेदार उदाहरण याच्याही आधीचं आणि आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे जिल्ह्याची मोजणी रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे दिली, १८२० च्या दशकाच्या शेवटी. प्रिंगल शिकलेला माणूस, अर्थशास्त्रातला खंडाचा (जमिनीच्या भाड्याचा) सिद्धांत डोक्यात पक्का, त्याने मातीचे वर्ग पाडले, प्रत्येक वर्गातलं उत्पन्न काढलं, त्यातून खर्च वजा केला आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवला. कागदावर अगदी चोख. प्रत्यक्षात खालच्या लोकांनी केलेली मोजणी चुकीची, त्यात लाचखोरी, उत्पन्नाचे आकडे अंदाजपंचे, आणि सारा एवढा बसला की लोकांनी जमिनी टाकल्या, गावं सोडली. काही वर्षांत सगळं गुंडाळावं लागलं. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्न वगैरे काढायच्या भानगडीत न पडता एवढंच विचारलं की ही जमीन पाणी किती शोषते आणि किती धरून ठेवते, आणि दख्खनमध्ये हे मुख्यतः मातीच्या खोलीवर ठरतं असं धरून खोली 'हात' या मापात मोजली. १८४७ पर्यंत पक्क्या झालेल्या या पद्धतीत सगळ्यात वरचा वर्ग पावणेदोन हात खोलीचा, तो धरून एकूण नऊ वर्ग, रंग आणि पोतानुसार तीन प्रकार, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणी न मुरणं असे दोष असतील तर आण्यात वजावट. जमिनीला सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत किंमत. हे दुसरं-तिसरं काही नसून ओल धरण्याच्या क्षमतेचं मॉडेल आहे, खोलीला पोताने गुणायचं आणि दोष वजा करायचे. आजही आपण रानाला भारी, मध्यम, हलकी म्हणतो त्याच्यामागे हाच विचार आहे.

मग प्रिंगल का आपटला आणि विंगेट का टिकला? अनुभववाले म्हणतील प्रिंगलने पुस्तकातून केलं आणि विंगेटने जमिनीवर उतरून. अर्धं खरं आहे. पण विंगेटचंही सूत्रच होतं, आणि प्रिंगलपेक्षा जास्त ढोबळ. माझ्या मते फरक वेगळा आहे. प्रिंगलचा आकडा बरोबर की चूक हे गावात उभं राहून कुणालाच तपासता येत नव्हतं, निव्वळ उत्पन्न कुठे कुदळीने खणून दिसतं? विंगेटचा आकडा दिसत होता. खड्डा घ्या, खोली मोजा, मुरूम कुठे लागला बघा, पाटलाला आणि शेतकऱ्याला 'दीड हात नाही, हातभरच आहे' असं म्हणून भांडता येत होतं. याचा अर्थ ती पद्धत शेतकऱ्याच्या भल्यासाठी होती असा अजिबात नाही, ती सारा वसूल करायलाच होती. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापुरात दर वाढवले, पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सारावाढीविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू मांडली आणि १८७५ ला सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या तेव्हा त्या असंतोषात साऱ्याचाही वाटा होता. पण ही सगळी भांडणं शक्य झाली कारण आकडा उघड होता. आकडा दिसला तर त्यावर अपील करता येतं, नाही दिसला तर फक्त शिव्या देता येतात.

मॉडेलच्या विरोधकांचं जे खरंच वजनदार म्हणणं आहे ते मान्य करायलाच हवं, आणि त्यातलं पहिलं म्हणजे आपली काळी जमीन या समीकरणांना जुमानत नाही. रिचर्ड्सच्या समीकरणात मातीचा सांगाडा जागचा हलत नाही असं धरलंय. आपली माती मॉन्टमोरिलोनाइट या चिकण खनिजाची, ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, मे महिन्यात तिला मीटरभर खोल भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस आला की पाणी वरचा थर भिजवायच्या आधी सरळ भेगेतून खाली, म्हणजे खालचं ओलं आणि मधलं कोरडं. आठ-दहा दिवसांनी भेगा मिटल्या की हीच जमीन तासाला मोजक्या मिलिमीटरच्या वर पाणी घेणार नाही, पाऊस वरून वाहून जातो. एकाच रानात जूनमध्ये एक माती आणि जुलैमध्ये दुसरी. त्यात भर म्हणजे हेन्सने १९३० मध्येच दाखवलेली भानगड, सुकत जाणारी माती आणि भिजत जाणारी माती एकाच ओढीला वेगवेगळं पाणी धरते, तेव्हा वक्र एक नाहीच, दोन आहेत आणि मध्ये हजार वाटा. शिवाय एका गट नंबरात ओढ्याकडची बाजू पाच फूट खोल आणि टेकाडाकडची वीतभर मुरमाड, आणि पाणी मुरण्याचा वेग एका रानात दहा-वीस पटीने बदलतो. हे सगळं खरं आहे. यावर 'मॉडेल सगळं सांभाळून घेईल' म्हणणारा माणूस एकतर विकायला आलाय किंवा त्याने काळ्या रानात कधी खड्डा घेतलेला नाही.

पण यातून निघतं काय? भेगांचं वागणं किचकट आहे म्हणून गणित नको, की भेगांचं गणित करायला हवं? दुसरं झालेलंही आहे. माती म्हणजे दोन वेगळ्या वाटा, एक भेगांमधली झटपट आणि एक कणांमधली संथ, आणि दोन्हींमध्ये पाण्याची देवाणघेवाण, असं धरून निदान १९९३ पासून मॉडेलं लिहिली गेली आहेत. आणि एक लक्षात घ्या, काळ्या रानात भेगेतून पाणी खाली जातं हे जर आपण इतक्या खात्रीने सांगतोय, तर ते मोजणाऱ्यांनी मोजलं म्हणूनच. आपल्याकडची मोजणाऱ्यांची परंपराही काही कालची नाही, १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झालं, १९३३ पासून सोलापूर-विजापूरला ते मोठ्या प्रमाणावर झालं, तिथले लोक थराथरातून माती काढून, वाळवून, वजन करून ओल काढत बसायचे. सोलापूर-मंगळवेढ्याकडे रब्बीची मालदांडी ज्वारी एकही पाणी न देता नुसत्या ओलीवर येते ती कशी आणि किती ओलीवर, याची उत्तरं तिथून आली. त्या लोकांना कुणी कागदी घोडे नाचवणारे म्हटलं असतं तर त्यांनी बहुतेक मातीचा एखादा डबा हातात दिला असता.

दुसरं वजनदार म्हणणं अनुभवाचं. मूठभर माती दाबून गोळा करायचा, अंगठ्याने भुगा झाला तर वाफसा आलाय, चिकटला तर अजून दोन दिवस थांबा. ही परीक्षा फुकट आहे, जलद आहे आणि पेरणीपुरती कुठल्याही सेन्सरपेक्षा भरवशाची आहे, यात मला काडीची शंका नाही. पण ती आजची, वरच्या वीतभर थराची परीक्षा आहे. तीन फुटांवर काय आहे, अजून बारा दिवस पाऊस नाही आला तर काय होईल, किंवा धरणातून पाळी सोडायची तर चाळीस गावांना मिळून किती लागेल, हे मुठीतला गोळा सांगत नाही आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अनुभव हा होऊन गेलेल्या परिस्थितीचा असतो. परिस्थितीच बदलली तर काय? नीरेच्या खोऱ्यात हे एकदा होऊन गेलंय. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला. तोवर त्या भागात पिढ्यानपिढ्या खोल काळं रान म्हणजे सोनं, कारण कमी पावसात ओल धरून ठेवायला त्याच्याइतकं कुणी नाही. हा अनुभव शंभर टक्के खरा होता. मग त्याच रानाला बारमाही पाणी मिळालं, ऊस आला, आणि जो गुण होता तोच अंगलट आला, पाणी धरून ठेवणारी जमीन पाणी सोडेचना, खालून पाणी वर चढलं, मीठ वर आलं, सोन्यासारखी रानं पाणथळ आणि खारवट झाली. १९१० पर्यंत पुण्याच्या शेती खात्यातल्या मॅन आणि ताम्हणे यांच्यावर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करायची वेळ आली आणि १९२८ मध्ये इंग्लिस आणि गोखले यांना दख्खनच्या कालव्यांवर सिंचनासाठी जमिनीचं वेगळंच वर्गीकरण मांडावं लागलं. म्हणजे कोरडवाहूला जी जमीन एक नंबर ती पाटपाण्याला धोक्याची. हे कुठल्या आज्याला माहीत असणार होतं? त्याच्या हयातीत तिथे कालवाच नव्हता. आता पाऊसच बदलतोय, तेवढाच पाऊस कमी दिवसांत कोसळतोय आणि मधले खंड लांबतायत, अशा वेळी 'आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं' हे वाक्य आपण किती वेळा ऐकणार आहोत आणि त्याचा उपयोग काय?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो आणि गंमत म्हणजे तो सगळ्यात कमी ऐकू येतो. तो असा, की मॉडेल बरोबर असो की चूक, साहेबाच्या हातात पडलं की ते हत्यार होतं. 'सिस्टिममध्ये तुमच्या मंडळात ओल दाखवतीये' असं म्हटलं की संपलं, शेतकरी काय बोलणार, त्याच्या डोळ्यासमोर सोयाबीन करपलंय पण सिस्टिममध्ये हिरवं आहे. पीकविम्यात हे लोकांनी भोगलंय, मंडळातल्या एका पर्जन्यमापकावर पंधरा-वीस गावांचा निकाल. जुन्या पैसेवारीला आपण कितीही नावं ठेवली, आणि ठेवायलाच हवीत, तिच्यात राजकारण असायचं, तरी पिकाची कापणी करून ५० पैशांच्या आत की बाहेर हे गावासमोर ठरायचं, गावाला आक्षेप घेता यायचा. नव्या पद्धतीतही शेतात जाऊन सत्यमापन आहे, पण ते पिकाचं, ओलीच्या गणितात घातलेल्या आकड्यांचं नाही. हा आक्षेप पूर्ण मान्य. पण हा मॉडेलवरचा आक्षेप नाहीच आहे हो, हा लपवाछपवीवरचा आक्षेप आहे. मॉडेल काढून टाकलं तर साहेब काय हात जोडून शेतकऱ्याला विचारणार आहे? तो मनात येईल ते धरणार, आणि मनातल्या आकड्याची तर माहितीच्या अधिकारात प्रतही मागता येत नाही. कोमेजण्याचा बिंदू २० धरला की २४, हे ज्या दिवशी दुष्काळाच्या जीआरला जोडलेल्या परिशिष्टात छापून येईल त्या दिवशी पुरंदरचा एखादा बीएस्सी ॲग्री झालेला पोरगा आपल्या रानातली माती लॅबला देऊन सांगू शकेल की तुमचा आकडा चुकलाय. आज तो काय सांगणार?

आता दुसऱ्या पार्टीकडे, सेन्सर-सॅटेलाइटवाल्यांकडे, वळतो, नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांच्या बाजूचा आहे. सॅटेलाइट मातीतली ओल 'बघतो' म्हणजे काय बघतो? मायक्रोवेव्हवाले उपग्रह वरची साधारण पाच सेंटीमीटर बघतात, आणि नुसत्या ओलीसाठी सोडलेल्या उपग्रहांचा एक चौकोन कित्येक किलोमीटरचा असतो. ज्वारीची मुळं मीटरभर खाली. म्हणजे खालचं सगळं मॉडेलच भरतं, आणि मॉडेलला मातीचा वक्र कुठून मिळतो, तर मातीत वाळू किती, गाळ किती, चिकण किती यावरून अंदाजाने काढणाऱ्या सूत्रांतून. ती सूत्रं बहुतेक अमेरिका-युरोपातल्या मातीच्या नमुन्यांवरून बनवलेली, फुगणाऱ्या-आकसणाऱ्या काळ्या मातीचे नमुने त्यात नगण्य. स्वस्तातले सेन्सर विजेच्या गुणधर्मावरून ओल ओळखतात आणि भारी चिकण किंवा खारवट मातीत त्यांचं वाचन सरकतं, त्या-त्या मातीत जुळवून घेतल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतली ओढ थेट मोजणारं उपकरण, ८०-८५ किलोपास्कलच्या पुढे मोजतच नाही आणि काळ्या रानातलं पिकाच्या कामाचं बरंचसं पाणी त्याच्या पलीकडच्या ओढीला धरलेलं असतं. या सगळ्यावर कितीही हुशार एआय बसवा, ते शिकणार कशावरून? खाली मोजलेला आकडाच नसेल तर ते दुसऱ्या मॉडेलचं उत्तर पाठ करून आपल्याला परत ऐकवणार. बारामतीत किंवा कुठेही उसाचं उत्पन्न वाढलं तर आनंदच आहे, पण ठिबकवरचा, रोज खत-पाणी मिळणारा ऊस ही या गणितातली सगळ्यात सोपी परीक्षा आहे, चुकलं तर उद्या पाणी देऊन भरून काढता येतं. शिरूर-दौंडच्या कोरडवाहू बाजरीत चूक भरून काढायला पाणीच नसतं, आणि मॉडेलची खरी गरज तिथेच आहे.

आणि हे फक्त शेतकऱ्याचं आहे असं समजून शहरातल्या लोकांनी निवांत बसू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याने काय केलं ते कात्रज ते दांडेकर पूल सगळ्यांनी पाहिलंय. अतिक्रमणं, भिंती, अरुंद केलेलं पात्र, हे सगळं खरं. पण तेवढाच पाऊस जूनमध्ये कोरड्या डोंगरउतारावर पडला असता तर, आणि पावसाळाभर भिजलेल्या उतारावर सप्टेंबरच्या शेवटी पडला तर, ओढ्याला येणारं पाणी सारखं नसतं, स्ट्रेंजलाही हे माहीत होतं. टेकडीवरच्या मातीत आत्ता अजून किती मिलिमीटर जागा शिल्लक आहे हा आकडा पूर-इशाऱ्यात नको का? टेकड्या वाचवा म्हणणारे आणि टेकड्यांवर बांधकाम मागणारे दोघंही वर्षानुवर्षं भांडतायत, पण वेताळ टेकडी एका पावसात किती पाणी पोटात घेते याचा मोजलेला आकडा कुणाच्याही हातात दिसत नाही.

मग मागायचं काय? प्रत्येक गट नंबराला सेन्सर नको, ते होणारही नाही आणि गरजही नाही. आयआयटी मुंबईने राज्याच्या पोकरा (हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीच्या) प्रकल्पासाठी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचं साधं मॉडेल केलं, पाऊस आला, एवढा वाहिला, एवढा मातीत राहिला, एवढा पिकाने घेतला, उरलेला खाली गेला. एवढं साधं गणितही गावाला कामाचं असतं, हिवरे बाजारने तर कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय वर्षानुवर्षं असाच हिशोब ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली. अडतं ते मातीच्या आकड्यावर. २०१५ पासून आपण गावोगाव मृदा आरोग्य पत्रिका वाटतोय, तिच्यात १२ गोष्टी तपासतात, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. माती किती खोल आहे हे त्यात नाही, चिकण किती हे नाही, आणि पाणी किती धरते हे तर नाहीच नाही. विंगेटच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात कुदळीने जी गोष्ट मोजली ती आपल्या पत्रिकेत नाही! पावसावरच्या शेतीच्या राज्यात खताचे बारा रकाने आणि पाण्याचा एकही नाही, याला काय म्हणायचं? खोली आणि पोत हे दोन रकाने तर उद्यापासून वाढवता येतील, त्याला महागडं यंत्र लागत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे वक्र मोजायला वेळ फार लागतो. लागतो, खोटं नाही, प्रेशर प्लेटमध्ये (दाब देऊन मातीतलं पाणी बाहेर काढायच्या यंत्रात) चिकण मातीला १५०० किलोपास्कलला स्थिर व्हायला आठवडे जातात आणि लॅबमधली ती प्लेट नेमकी त्याच वेळी गळायला लागते. पण सगळं शून्यातून मोजायची गरजच नाहीये. राहुरी, अकोला, परभणीच्या विद्यापीठांत आणि आपल्या शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात मृदशास्त्राच्या पोरांनी एमएस्सी-पीएचडीसाठी खड्डे घेऊन, थराथराची माती काढून हेच केलेलं आहे, आणि त्या प्रबंधांमध्ये ३३ ला किती ओल, १५०० ला किती, घनता किती, चिकण किती असे तक्ते गावाच्या नावासकट टाइप करून ठेवलेत. ते ग्रंथालयांच्या कपाटांत पडून आहेत. ते सगळे एका सार्वजनिक फाइलमध्ये भरायला सॅटेलाइट लागत नाही, परदेशी पार्टनर लागत नाही, वर्षभरासाठी चार-पाच पगारी पोरं आणि कुलगुरूंच्या सहीचं एक पत्र लागतं.